चाळिशीनंतर सायकल शिकताना: आधी पेडल काढा

नाशिकची सायकलशी चांगलीच सोयरीक आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे इथले दोघे भाऊ २०१५ मध्ये जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी करून आले. म्हणजे अख्खी अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत, सायकलवर. रविवारी पहाटे गंगापूर रोडला गेलात तर रंगीत जर्सीवाल्यांची रांगच भेटते. आणि याच शहरात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मला मुलाची सायकल पार्किंगमधून फाटकापर्यंत हाताने धरून नेणंही जमत नव्हतं. दोनदा ती माझ्याच पायावर पडली.

लहानपणी घरात एकच सायकल होती, वडिलांची, दांडीची. भाऊ दांडीखालून पाय घालून शिकला. मला ‘पडशील, हातपाय मोडशील’ म्हणून बाजूला ठेवलं. पुढे तीनदा प्रयत्न केले आणि तिन्ही वेळा पद्धत एकच होती: मी सीटवर, पाय पेडलवर, मागे कोणीतरी कॅरिअर धरून पळतंय आणि ओरडतंय, ‘समोर बघ, पेडल मार!’ मग तो माणूस न सांगता हात सोडतो, मी मागे वळून बघते आणि पडते. तिसऱ्या वेळी नवऱ्याने हात सोडला, तेव्हा कोपर सोलवटलं आणि दोन दिवस घरात अबोला होता.

चौथ्या वेळी मी कोणालाच धरायला बोलावलं नाही. पेडल काढून टाकली. सोळा दिवसांत, रोज वीस-पंचवीस मिनिटं देऊन, मी सायकल चालवायला लागले. तुम्हीही तीस, पंचेचाळीस, साठ अशा कुठल्याही वयात ‘आता काय शिकणार’ म्हणत असाल तर पुढचं वाचा. मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला तेही लिहिलं आहे, म्हणजे तुमचा तेवढा वाचेल.

आधी सामानाची यादी

- सायकल. कशी ते पुढे.
- १५ नंबरचा पाना. पेडल काढायला हाच लागतो. तो पातळ असेल तर बरं, जाडा पाना पेडल आणि ते ज्यावर बसतं त्या दांड्याच्या फटीत शिरत नाही. काही पेडलना आतल्या बाजूने अॅलन की (षटकोनी टोकाची चावी) लागते. त्यामुळे पाना विकत घेण्याआधी पेडल बघा.
- हेल्मेट, शक्यतो सायकलचं. भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून मागे कलंडलेलं नको. पट्टा हनुवटीखाली असा की एखादं बोट जेमतेम शिरेल.
- हातमोजे. पडताना माणूस हात टेकतोच, आणि डांबरावर तळहात सोलला की दोन आठवडे पोळ्या लाटता येत नाहीत. हे अनुभवाचे बोल आहेत.
- पुढून मागून बंद आणि सपाट तळव्याचे बूट. चप्पल, सँडल नको. बुटाची नाडी आत खोचून ठेवा.
- पायाला बांधायला एक रबर किंवा वेलक्रोची पट्टी. चेन उजव्या बाजूला असते, म्हणून उजवा पायचा बांधायचा.
- पाणी आणि एक जुनं फडकं.

कागदपत्रांचं म्हणाल तर साध्या सायकलला लायसन्स लागत नाही, नोंदणीही लागत नाही. बॅटरीवरच्या सायकलीबद्दल मला बऱ्याच जणी विचारतात. मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर तिलाही नोंदणी लागत नाही. पण शिकायला ती घेऊ नका, जड असते आणि मनात नसताना पुढे ओढते. सायकल विकत घेतली असेल तर पावती जपून ठेवा आणि फ्रेमवर कोरलेला नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. बहुतेक सायकलींना तो पेडलच्या मधल्या गाळ्याच्या खालच्या बाजूला असतो, सायकल उलटी केली की दिसतो. सायकल चोरीला गेली तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न या नंबरचा असतो.

मधुमेह, हाडं ठिसूळ असणं, चक्कर येणं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ‘सायकल चालवू का’ एवढंच विचारू नका. ‘सायकल शिकू का, म्हणजे दोन-चारदा पडेन’ असं विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

१. सायकल निवडा, पण विकत घेऊ नका

शिकायला नवी सायकल घेणं म्हणजे पोहायला येण्याआधी विहीर खणणं. शेजारी, भाचे, सोसायटीचं पार्किंग बघा. धूळ खात पडलेली एक तरी सायकल सापडतेच. मला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलीची लेडीज सायकल मिळाली, मुलगी बंगळूरला नोकरीला गेल्यापासून ती कोपऱ्यात उभी होती.

काय बघायचं? एकच गोष्ट महत्त्वाची: सीटवर बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत, टाचांसकट. नुसती बोटं टेकतायत हे चालणार नाही. सीट सगळ्यात खाली घेऊनही टाचा टेकत नसतील तर ती सायकल तुमच्यासाठी मोठी आहे. पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर २४ इंची चाकाची बघा, थोडी जास्त असेल तर २६ इंची. मधली दांडी खाली झुकलेली असली की पाय सहज पलीकडे जातो, त्यामुळे पुरुषांनीही शिकण्यापुरती लेडीज सायकल घ्यायला लाजू नये. गिअर असतील तर मधल्या एका गिअरवर ठेवा आणि विसरून जा.

मुलांच्या सायकलला बाजूला दोन छोटी चाकं लावतात, तशी मोठ्यांच्या सायकललाही मिळतात. दुकानदार आग्रहाने दाखवतो. घेऊ नका. सायकल वळताना कलावी लागते आणि ती चाकं तिला कलूच देत नाहीत. त्यांच्यावर महिनाभर चालवलंत तरी तोल सांभाळणं आलेलं नसतं, उलट कलली की घाबरायची सवय मात्र लागते.

सायकल मिळाली की आधी सायकलवाल्याकडे न्या. दोन्ही ब्रेक, हँडलची घट्टाई आणि हवा एवढं बघून घ्या. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. ‘शिकतेय म्हणून जरा कमीच भरा’ असं म्हणू नका. चाकात हवा कमी असली की सायकल जड जाते आणि हँडल ओढल्यासारखं होतं.

२. जागा आणि वेळ

मैदान नको. हे ऐकून सगळे दचकतात, कारण सायकल शिकायची तर मैदानावर असंच आपण ऐकत आलोय. पण मातीच्या मैदानात चाक रुततं, खडे असतात, आणि क्रिकेटवाल्या पोरांचा चेंडू तुमची वाटच बघत असतो. हिरवळीवर पडायला बरं वाटतं, पण तिथे सायकल पुढेच जात नाही, आणि ती पुढे गेली नाही तर तोल येत नाही.

सगळ्यात उत्तम जागा म्हणजे शहराच्या कडेला प्लॉट पाडून ठेवलेले ले-आऊट. डांबरी रस्ते झालेले असतात, दिव्याचे खांब लागलेले असतात आणि घरं अजून बांधलेली नसतात. आमच्याकडे मखमलाबाद, पाथर्डी फाटा या बाजूंना असे कितीतरी आहेत, तुमच्या गावातही असतील. मंगल कार्यालयांचं पार्किंगही चांगलं, लग्नाची तिथ नसेल तर. विचारून जा, वॉचमनला चहा पाजा.

किमान पन्नास-साठ पावलं लांब सरळ पट्टा हवा आणि त्यात कुठेतरी अगदी हलका उतार असला तर सोन्याहून पिवळं. बाटलीतलं पाणी ओतलं की ते हळूहळू ज्या बाजूला जातं, तेवढाच उतार पुरतो.

वेळ सकाळची, साडेसहाच्या आसपास. एका वेळी वीस ते तीस मिनिटंच. मोठी माणसं एकाच रविवारी तीन तास घालवून ‘आज शिकूनच घेतो’ म्हणतात, मग सोमवारी मांड्या आणि ढुंगण इतकं दुखतं की पुढचा रविवार उजाडतच नाही. रात्रीच्या झोपेत शरीर बरंच काही मुरवतं. मला आदल्या दिवशी न जमलेली गोष्ट दुसऱ्या सकाळी आपोआप जमली, असं तीनदा झालं.

३. पेडल काढा

सायकल स्टँडवर लावा. एक गोम लक्षात ठेवा: उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात आणि डाव्याचे उलटे. सोपी खूण अशी, की पाना पेडलवर बसवून उभा धरा आणि वरचं टोक सायकलच्या मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना मागे ओढलं की सुटतं. हे माहीत नसल्याने मी डावं पेडल अर्धा तास आवळतच होते. जुनी सायकल असेल तर ते गंजून बसलेलं असतं. अशा वेळी जोर लावत बसू नका, सायकलवाल्याकडून काढून घ्या. त्याला सांगितलंत की ‘दोन्ही पेडल काढून द्या’ तर तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

पेडल काढली तरी त्यांचे लोखंडी दांडे राहतात. ते नडगीला लागतात, म्हणून पहिले दोन-तीन दिवस जाड पँट घाला.

ही काही नवी शक्कल नाही, हे सांगितलं तर जरा धीर येईल. सायकलचा जन्मच पेडलशिवाय झाला. १८१७ मध्ये जर्मनीतल्या कार्ल ड्राइसने दोन चाकांचं जे लाकडी यंत्र बनवलं, ते पायाने जमीन मागे ढकलत चालवायचं होतं. पेडल आली ती १८६०च्या दशकात. म्हणजे माणसांनी आधी दोन चाकांवर तोल सांभाळला आणि कित्येक वर्षांनी पाय उचलले. आपण मात्र शिकणाऱ्याला पहिल्याच मिनिटाला दोन्ही कामं एकदम सांगतो.

४. पायाने ढकलत जा (इथे घाई नको)

पहिला दिवस सायकलवर बसायचंच नाही. डाव्या बाजूला उभं राहून, दोन्ही हात हँडलवर ठेवून तिला फिरवा. वळवा, आठचा आकडा काढा. दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून बघा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो आणि डाव्या हाताचा मागच्या. पण गृहीत धरू नका, दाबून खात्री करा. नुसता पुढचा जोरात दाबला तर मागचं चाक उचलतं. खडीवर तोच ब्रेक दाबला तर पुढचं चाक घसरतं, आणि माझं कोपर दुसऱ्यांदा सोलवटलं ते असंच. म्हणून दोन्ही एकत्र, लिंबू पिळताना दाबतो तसे, हळूहळू जोर वाढवत दाबायचे.

मग बसा. सीटवर पूर्ण वजन टाका, अर्धवट उभं राहू नका. आता बसल्या बसल्या चाला. डावा पाय, उजवा पाय. यात शिकण्यासारखं काय आहे असं वाटेल, पण दहा मिनिटांत हात सैल पडतात आणि खांदे खाली येतात. मोठ्या माणसाच्या शिकण्यात अडथळा तोलाचा कमी आणि आवळून धरलेल्या हातांचा जास्त असतो. हँडल असं धरा की जणू हातात चिमणीचं पिल्लू आहे.

पुढची पायरी म्हणजे दोन्ही पायांनी एकदम जमीन मागे ढकला आणि पाय किंचित उचला. इंचभरच. सायकल हातभर पुढे जाईल आणि पाय टेकतील. पुन्हा. पुन्हा. हातभराचे दोन हात होतात, दोनाचे चार होतात. माझे या एकाच गोष्टीत पाच दिवस गेले, माझ्याबरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीला दोन दिवस पुरले. ती लहानपणी झोपाळ्यावर उभी राहायची, मी राहत नव्हते. कारण तेच असेल असं मला उगीच वाटतं.

आता तोल म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तळहातावर केरसुणी उभी धरायचा खेळ लहानपणी खेळलात ना? केरसुणी ज्या बाजूला कलेल, त्या बाजूला हात सरकवायचा. सायकलचंही तेच आहे. ती डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे. मग चाकं खालून डावीकडे सरकतात आणि सायकल पुन्हा सरळ उभी राहते. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो, पडणाऱ्या बाजूपासून हँडल दूर ओढतो आणि हमखास आडवा होतो. ‘कलेल तिकडे’ एवढा मंत्र पुटपुटत राहा. दोन दिवसांनी पुटपुटावं लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नजर. चाकाकडे बघितलंत की संपलं. समोर वीस-पंचवीस पावलांवर एखादा खांब, झाड, भिंतीवरची जाहिरात धरा आणि तिथे बघत राहा. जिकडे नजर तिकडे सायकल जाते, आणि हे वाईट अर्थानेही खरं आहे: अख्ख्या मोकळ्या ले-आऊटमध्ये एकच खड्डा होता आणि ‘त्यात जायचं नाही’ म्हणत मी चार वेळा त्यातच गेले.

पाय उचलून, न टेकता, मनातल्या मनात दहा अंक मोजता आले की ही पायरी झाली. त्याआधी पेडल लावायचा मोह आवरा. घरातले म्हणतील, ‘येतंय की आता, लाव पेडल!’ त्यांचं ऐकू नका.

५. हलक्या उतारावर

उताराच्या वरच्या टोकाला बसा, पाय उचला आणि जाऊ द्या. इथे ढकलावं लागत नाही, म्हणून सगळं लक्ष हँडलकडे राहतं. खाली पोचायच्या आत ब्रेक दाबून थांबायचं, पाय रगडून नाही. आणि सायकल पूर्ण थांबल्यावरच पाय टेकायचा. चालत्या सायकलवरून पाय टाकला की घोटा मुरगळतो. याच उतारावर हलकी वळणं घ्या; खडूने किंवा विटांचे तुकडे ठेवून नागमोडी वाट आखा. वेग अगदी कमी ठेवला तर सुरक्षित वाटतं, पण सायकल हळू असली की जास्त डगमगते. भरभर चालणाऱ्या माणसाएवढा तरी वेग हवाच.

६. पेडल परत लावा

लावताना पान्याचं टोक पुढच्या चाकाकडे न्यायचं. पण सुरुवात नेहमी हाताने फिरवून करा. आटे सरळ बसले तर पेडल बोटांनीच आत जातं. उजवं डावीकडे लावलंत किंवा तिरकं घुसवलंत तर दांड्याचे आटे जातात आणि तो बदलावा लागतो. पेडलवर आर आणि एल कोरलेलं असतं, आर म्हणजे उजवं.

सुरुवात करणं हीच यातली खरी कला आहे, आणि बहुतेक पुस्तकी सूचना इथे एका ओळीत पुढे जातात. माझी पद्धत अशी:

डावा पाय जमिनीवर, पूर्ण टेकलेला. उजवं पेडल पुढे आणि वर आणायचं. उजव्या बाजूने सायकलकडे बघितलं आणि मधल्या गाळ्यावर घड्याळ आहे असं समजलं, तर काटा दोनवर असतो तिथे. पेडल खाली असेल तर बुटाचं टोक त्याच्या खाली अडकवून उचला. उलटं फिरताना चेन पुढे नेत नाही, त्यामुळे ते सहज वर येतं. आता तळपायाचा पुढचा, रुंद भाग त्यावर ठेवा. समोर बघा. उजव्या पायाने दाबा, जिन्याची पायरी चढताना दाबतो तसं, सबंध वजन टाकून. मिळमिळीत दाबलंत तर सायकल दोन हात जाऊन कोसळते.

या एका दाबण्यावर सायकल पुढे जाते. डावा पाय लगेच पेडलवर आला नाही तरी काही बिघडत नाही, तो तसाच हवेत राहू द्या. गेले पाच-सहा दिवस तुम्ही पाय हवेत ठेवूनच चालवत होतात की! सगळ्यांची चूक एकच असते, डावं पेडल शोधायला खाली बघणं. बघू नका. पाय आपोआप सापडवतो, जिन्याची शेवटची पायरी अंधारात सापडवतो तसा.

मला पहिल्या दिवशी सलग सहा-सात वेळा पेडल मारता आलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्याच्या टोकापर्यंत गेले, आणि तिथे कळलं की मला वळता येत नाही. भिंत आली म्हणून थांबले.

ज्यांना स्कूटर येते त्यांच्यासाठी एक सूचना. तुमचा तोल तयार आहे, चौथी पायरी एका सकाळीच उरकेल. पण उजवं मनगट पिळायची सवय सायकलवर हँडल वाकडं करते. मनगट गप्प ठेवा.

७. वळणं, मागे बघणं, एक हात सोडणं

वळण म्हणजे हँडल फिरवणं नव्हे. मान आणि नजर वळवा, सायकल मागोमाग येते. आतल्या बाजूचं पेडल वर असू द्या, नाहीतर ते जमिनीला घासतं. आधी मोठी, पसरट वळणं घ्या, मग हळूहळू लहान. बहुतेकांना एक बाजू सोपी जाते (मला डावी), म्हणून अवघड बाजूचा सराव दुप्पट करा.

रस्त्यावर जायचं तर दोन गोष्टी यायलाच हव्यात. उजव्या खांद्यावरून मागे बघताना सायकल सरळ रेषेत राहिली पाहिजे. पांढरा पट्टा किंवा खडूची रेघ धरून सराव करा. आणि एक हात सोडून इशारा देता आला पाहिजे. आधी नुसती बोटं सैल करा, मग हात हँडलपासून इंचभर उचला, मग मांडीवर ठेवा, मग बाजूला पसरा. या दोन्हींना मला आठवडा लागला. सोळा दिवसांच्या हिशेबात तो धरलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

८. सीट वर घ्या

इतके दिवस सीट खाली होती म्हणून गुडघे छातीशी येत असतील. तशीच चालवत राहिलात तर गुडघे दुखायला लागतात, आणि ‘सायकलने गुडघे जातात’ असं जे लोक सांगतात त्यांची सीट बहुधा खालीच राहिलेली असते. रोज एक बोट वर घ्या. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात किंचितच वाक, एवढ्यावर थांबा. या उंचीवर बसल्या बसल्या दोन्ही तळपाय टेकणार नाहीत. थांबताना सीटवरून पुढे सरकून एक पाय टेकायचा, तोही पुन्हा ले-आऊटमध्ये शिकून घ्यायचा. सीटच्या नळीवर ‘यापेक्षा वर नको’ अशी खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये.

९. कपड्यांबद्दल थोडं

ओढणी मागच्या चाकात गेली की ती आधी सायकल थांबवत नाही, गळा आवळते. हे भीती घालायला लिहीत नाही, पण ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला घट्ट गाठ मारा. साडी नेसूनच जायचं असेल तर चेनला पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी असलेली सायकल हवी. पदर खोचून पिन लावा.

साडीचा विषय निघाला म्हणून सांगते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायची मोहीम चालली. हजारो ग्रामीण बायका शिकल्या, शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या. त्यातल्या कितीतरी जणी साडीतच, दांडीच्या जेन्ट्स सायकलवर शिकल्या. कामावर जायला, पाणी आणायला बसची वाट बघावी लागू नये, हे त्यांचं कारण होतं. मला सकाळी वॉचमनची बायको हसत बघायची तेव्हा त्या बायका आठवायच्या. (वॉचमनची बायको तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, ‘ताई, मला पण धरून द्या की.’ धरून काही दिलं नाही, पेडल काढून दिली.)

हसणाऱ्यांबद्दल एवढंच, की पोरं पहिले दोन दिवस हसतात, तिसऱ्या दिवशी सल्ले द्यायला येतात आणि चौथ्या दिवशी त्यांना कंटाळा येतो. तेवढं सोसा.

१०. रस्त्यावर पहिल्यांदा

रविवारी सकाळी सात वाजता, ओळखीच्या रस्त्यावर, पुढे किंवा मागे एक अनुभवी सोबती घेऊन. डाव्या बाजूनेच चालवा, पण अगदी कडेच्या मातीला चिकटून नको. डांबराची कड तुटलेली असते आणि चाक खाली उतरलं की वर चढत नाही. कडेपासून हात-दोन हात आत राहा. उभ्या मोटारींच्या रांगेपासून पसरलेल्या हाताएवढं अंतर ठेवा, कारण दार कधीही उघडतं.

उलट दिशेने येणारी दुचाकी ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. घाबरून उजवीकडे रस्त्याच्या मध्यावर जाऊ नका, मागून येणारा दिसत नसतो. वेग कमी करा, वाटल्यास उतरा. उतरण्यात कमीपणा नाही. मी अजूनही मोठ्या चौकात उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हाताने नेते. महामार्गाच्या उड्डाणपुलावर तर चढूच नका.

कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका. थांबा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा. बहुतेक वेळा ते गोंधळून परत जातं.

पावसाळ्यात नवख्याने शक्यतो सायकल काढू नये. काढलीच तर पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि मळ्यातून आलेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर सांडलेला चिखल, या तिन्हींवर ब्रेकही दाबायचा नाही आणि वळायचंही नाही, सरळ जायचं. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून आधीपासून दाबायला सुरुवात करा. अंधारात जायचं असेल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, नुसत्या रिफ्लेक्टरवर विसंबू नका. आणि घंटी. ती शिकताना काढून ठेवली असेल तर आठवणीने लावा.

कानात इयरफोन घालू नका. मागून येणारी पिकअप आधी कानाला कळते.

शिकून झाल्यावर

आठवड्यातून एकदा हवा, महिन्यातून एकदा चेनला तेल. तेल टाकून पेडल उलटं फिरवा आणि वरचं जास्तीचं फडक्याने पुसून घ्या, नाहीतर त्यावर धूळ बसून काळं लोणी तयार होतं. नव्या सायकलींना मोटारसायकलसारखा वॉल्व्ह असतो, तिथे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, पण भरताना आकड्याकडे लक्ष ठेवा, सायकलच्या ट्यूबला भराभर हवा जाते. जुन्या वॉलट्यूबवाल्या सायकलला सायकलवाल्याचा पंपच लागतो.

मी अजून वहिनींच्या मुलीचीच सायकल चालवते. भाजी आणायला, लायब्ररीत, आणि मागच्या महिन्यात एकदा सोमेश्वरच्या देवळापर्यंत. येताना चढावर उतरून ढकलत आणली. १५ नंबरचा पाना सध्या वॉचमनच्या बायकोकडे आहे, तिची डावी बाजू अजून पक्की व्हायची आहे म्हणते.